खुळा माड

आमच्या डोंगरात त्याला खुळा माड म्हणतात.
माडासारखा उभा, माडासारखी छत्री,
पण नारळ नाही, फूल नाही, बी नाही,
जाळायला घ्यावा तर नुसता धूर.
तिचंही तेच नाव होतं.
पाद्रीबाबांच्या वहीत दोमितिला,
बाकी सगळ्यांच्या तोंडी खुळी.
माझी थोरली बहीण. बोलायची नाही.

मी कोयता घेऊन ढगात शिरायचो.
दुपारनंतर आमच्याकडे रान आणि ढग एकच.
खोड पाडायचं, वीतवीत तुकडे करायचे, आतून पोखरायचे.
पास्तो शहरातल्या बायका त्यांत ऑर्किड लावतात.
खोड कसलं, मुळांचाच गुंता,
काळा, ओला, घोंगडीसारखा.
पुरुषभर वाढायला त्याला किती वर्षं लागतात
मी मोजलं नाही. वलयंच नसतात.
नुसते गळालेल्या पानांचे वण,
वरपासून खालपर्यंत, डोळ्यांसारखे.
खेचर त्यांना बुजायचं. मी नाही.

ती मागून यायची.
पाडलेल्या झाडाच्या शेंड्याशी बसायची,
न उलगडलेल्या कोंबापाशी:
तपकिरी लव, माकडाच्या पिलानं
शेपूट गुंडाळून घ्यावी तसा पीळ.
मग एखादं पान उलटं करून
झग्याच्या ओच्यात झटकायची. परत परत.
पूड पडायची, तपकिरीएवढी बारीक.
मी म्हणायचो, ऊठ, पाऊस येतोय.
पाऊस तर रोजच येत होता.

परतताना वळणावर,
जिथं रस्त्यासाठी डोंगर कापून
लाल माती उघडी पाडली होती,
ती त्या ओल्या भिंतीला हात लावत चालायची.
मला वाटायचं, हात पुसते.

तिला जाऊन अकरा वर्षं झाली.
खोडं तोडायला आता बंदी आहे. मी कोबी लावतो.
काल खेचराला नाल ठोकायला खाली निघालो
आणि वळणावर थांबलो.
एलादियोची पोर सांगते, आधी भिंतीवर
नखाएवढी हिरवी बदामं होती,
पत्त्यांतल्या बदामासारखी, चिकटलेली.
आता माझ्या कमरेला लागतात.
तेहेतीस. दोनदा मोजले.

वनखात्याचा माणूस म्हणाला, वाऱ्यानं येतात.
येत असतील. मी मान हलवली.
तो गेल्यावर, खेचर पुढं गेल्यावर,
मी त्या मातीला हात पुसला.
हाताला काही लागलेलं नव्हतं.