आधी, सुरू, पूर्ण

प्रत्येक कामाचे तीन फोटो लागतात.
काम सुरू होण्याआधी, काम सुरू असताना, काम पूर्ण.
कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश.
त्यावाचून बिल निघत नाही.
बारा वर्षं रोजगार सेवक आहे मी,
बारा वर्षं गाव असंच पाहत आलो:
खड्डा, खड्ड्यात माणसं, खड्ड्यात पाणी.

रविवारी तेवढा तो शिक्का बंद करतो
आणि मोबाइल घेऊन निघतो, बिनकामाचा.

पंचायतीच्या बागेत सिमेंटचं हरीण आहे,
एक शिंग पोळ्याच्या दिवशी गेलं, सळई बाहेर.
सकाळी लोकांनी चालावं असा ठराव झालेल्या फरशीवर
शेवंता मडावीचे मोह वाळतात.
झोक्याची एक साखळी तुटलीय;
लोंबत्या फळीवर पाय देऊन बकरी
पोहोचते कडूनिंबापर्यंत.
फाइलीत शेवटचा फोटो फीत कापतानाचा.
त्यानंतरचं हे सगळं
कोणत्या रकान्यात टाकायचं,
साहेब सांगत नाहीत.

मग फाटक.
दुर्योधन नेवारे हिरवी झेंडी काखेत धरून
खर्रा घोटत असतो.
छोटी गाडी होती तेव्हा इथं फाटकच नव्हतं.
गार्ड उतरून हात दाखवायचा,
सायकलवाले थांबले तर थांबले.
तिचा एकही फोटो नाही माझ्याकडे.
रोज जायची. रोज जाणाऱ्याचा कोण काढतो?

आता मोठी लाइन. कोळशाचे डबे मोजतो, एकोणसाठ,
मोजता मोजता बटण दाबायचं राहून जातं.
शेवटचा डबा गेला की काळा भुगा उडतो
आणि त्या भुग्यातून पलीकडचं पोट्टं येतं,
अंगात शाळेचा निळा शर्ट, एक चप्पल हातात.
ते मिळालं.

"दुर्योधनभाऊ, तुमचा काढू?"
"माहा कायले? गाडीचा काढ."
"गाडी गेली न."
"मंग येईन दुसरी."

गेल्या मंगळवारी पार्बता वाढई दफ्तरात आली.
"आमच्या घरच्याचा फोटो देसान काय? भितीवर लावाले."
आधारवर आहे की, म्हटलं.
"त्याच्यात ते भेलेले दिसते."

फाइली उघडल्या. पांदण रस्ता. वृक्षलागवड.
नाला खोलीकरण, काम सुरू असताना:
सात माणसं, उन्हानं पांढरी झालेली.
तिनं सहाव्यावर बोट ठेवलं.
पाठमोरा. डोक्यावर घमेलं. मान जराशी डावीकडे.
"हेच."
"तोंड कुठं दिसतं, बाई?"
"तोंड पायल्यानंच वयखू येते काय?"

छापून दिला. आकडेही छापून आले, ते निघत नाहीत.
"हे काय लिवलं?"
जागा, म्हटलं. ते उभे होते ती जागा.
या आकड्यांवरून कुणालाही नेमकं तिथं जाता येतं.
ती आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली,
वाचता येत नाही तिला.
पदरानं फोटो पुसला, कोरडाच होता,
आणि विचारलं, "कोन्त्या वक्ताचा हाय?"
अकरा वाजून चाळीस.
"मंग भाकर खाल्ली नसन आजून."

या रविवारी शिक्का बंद करायला बोट गेलं
आणि मागं आलं.
हरणाची सळई. वेळ, जागा.
मोह उचलून नेल्यावर फरशीवर राहिलेला पिवळट डाग.
वेळ, जागा.
फाटकावर दुर्योधन, खर्रा थुंकायला वळलेला.
पाच वाजून दोन मिनिटं.
त्याला सांगितलं नाही.
गाडी बहुतेक सिग्नलला उभी असावी,
शिट्टी येत होती,
ती मात्र दिसत नव्हती.