वरचा आकडा, खालचा आकडा

पहिल्या दिवशी डॉक्टर हुक्केरींनी पापणी बघितलीच नाही.
दंडाला पट्टा बांधला, फुगवला,
आणि सिस्टर कन्नडात म्हणाली, नूरा एप्पत्तेंटू.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
खालचा आकडा तिनं हळू सांगितला,
शेजारणीचं गुपित सांगावं तसा.

"पापणी कुठं पळून जात नाही," डॉक्टर म्हणाले,
"आधी हे खाली आणूया.
डोळ्यामागं रक्त साठलं
तर दिसायचंच बंद होईल."

घरी मी सांगितलं होतं, सुईत दोरा जात नाही.
तेवीस वर्षं वडगावात पिको-फॉल, ब्लाउज, अस्तर.
उजव्या डोळ्यावर कातडी उतरलीय खरी,
दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशी.
पण सुई मी चष्मा लावून ओवते, अजून.
हे कुणाला सांगितलं नाही.

नणंद म्हणाली, "कशाला गे ह्या वयात?
भिशीचे पैसे डोळ्यात घालूलीस?"
मी म्हटलं, सुई.
ती म्हणाली, मग मीठ सोड.

सोडलं.
शेंगाचटणीची बरणी वरच्या फळीवर गेली,
सांडगी मिरची, पापड, लोणच्याचा खार.
पहिल्या आठवड्यात भाकरी मातीसारखी लागली,
तिसऱ्यात जोंधळा जोंधळ्यासारखा.
एकदा फळीवर चढून बोट चाटलं.
त्याची नोंद वहीत नाही.

वही मापांचीच. पुढून बाही, छाती, गळा,
मागून सकाळचं प्रेशर, रात्रीचं प्रेशर.
घाईत एकदा पानं उलटली
आणि कंग्राळकर बाईंच्या ब्लाउजला
छाती शहाण्णव लिहिली.
कापड कापायच्या आधी कळलं, नशीब.

मशीन म्हणतं, पाच मिनिटं गप्प बसा,
पाय जमिनीवर, बोलू नका.
आमच्या गल्लीत गप्प कोण बसणार?
डावीकडं माग, उजवीकडं माग,
भिंतसुद्धा खटखट श्वास घेते.
म्हणून मी लाइट जायची वाट बघायची.
दुपारी लाइट गेली की सगळे माग एकदम थांबत,
गल्ली कानात बोट घातल्यासारखी,
आणि त्या शांततेत माझाच एक माग
दंडात चालू.

महिन्यानं डॉक्टर म्हणाले, "आता बॉर्डरवर आहे."
मला हसू आलं.
जन्मल्यापासून तिथंच आहे की, म्हटलं.
तेही हसले, सिस्टरही हसली,
तिला मराठी येतं हे तेव्हा कळलं.

भूल देणाऱ्या बाई धारवाडच्या.
सगळी औषधं विचारली, लसणाच्या गोळ्यासुद्धा.
"ह्या बंद करा. प्रेशरची मात्र चालू,
ऑपरेशनच्या सकाळीही, एक घोट पाण्याबरोबर."
मग सहज विचारलं, "कशासाठी करताय हे?"

सुई म्हणायला तोंड उघडलं.
आणि म्हणाले:
झोप झाली नाही का, असं सगळे विचारतात.
गिऱ्हाईक, जावई, दूधवाला.
नवरा होता तेव्हाही विचारायचे.
मी थकलेली नसते हो.
मी थकलेली नसताना
आरशात थकलेली बाई नको मला.

त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं.
त्या दिवशी प्रेशर एकशे बासष्ट आलं.
खरं बोलल्यानं उतरत नाही.
उतरलं ते गोळी बदलल्यावर,
आणि रोज संध्याकाळी तिसऱ्या गेटापर्यंत
चालत जाऊन, मालगाडीचे डबे मोजून,
चालत परत आल्यावर.

आज सकाळी एक घोट पाणी.
बांगड्या काढून नणंदेच्या हातात दिल्या.
ती म्हणाली, सुई नीट ओवता येईल आता.
तिला ठाऊक होतं बहुतेक. पहिल्यापासून.

पट्टा आवळला. नूरा मूवत्तेरडु.
एकशे बत्तीस, मी सिस्टरच्या आधी म्हटलं,
आणि खालचा आकडा तिनं मोठ्यानं सांगितला.
कण्णु मुच्चरी, ती म्हणाली, डोळे मिटा.
डावा मिटला.
उजवा तर तसाही अर्धा मिटलेलाच होता.