कौल न लावता

मष्णूमामा दर मे महिन्यात साकव बांधतो
आणि दर श्रावणात ओढा तो घेऊन जातो.
एकवीस वर्षं.
एका साली गौरीपर्यंत टिकला होता.
ते अजून सांगतात लोक,
घरातली सरकारी नोकरी सांगावी तसं.

खानापूरहून साहेब येतात, उन्हाळ्यात, जीपमधून.
ओढ्यात तेव्हा घोटाभर पाणी.
बूट न काढता दगडांवरून पलीकडे जातात,
कागदावर काही लिहितात,
म्हणतात, ‘नोडोणु.’
कन्नड न येणाऱ्या आमच्या म्हातारीलाही
हा एक शब्द येतो.
नातवानं जत्रेला पैसे मागितले की ती म्हणते, नोडोणु.

बांबू पौष अवसेला तोडलेला, नाहीतर भुंगा लागतो.
वेल रानातली, तीन दिवस भिजवलेली.
मधले दोन खांब जांभळीचे,
कारण जांभूळ पाण्यात कुजत नाही.
वाहून जातं,
पण कुजत नाही.

यंदा गुरव म्हणाला, सातेरीला कौल लावू.
उजवी कळी पडली तर बांध,
डावी पडली तर राहू दे, वय झालं तुझं.
मामा कोयता घासत होता. वर न बघता म्हणाला,
‘डावी पडली तर मी काय गप बसणार हाय?
मग आईला कशाला कोड्यात घालायचं?’
देवळात मात्र गेला. नारळ ठेवला.
मी मागे होते.
ओठ हलले नाहीत त्याचे.

टिकला चोपन्न दिवस.
मी वहीत मांडलंय, कुणीतरी मांडायला हवं म्हणून:
भागी झोरे, डोक्यावर लोण्याचा डबा, अठरा वेळा.
पाववाला सान्तान, सायकल खांद्यावर,
मध्यावर शिंकला, सगळा साकव हलला.
शाळेची सात पोरं. त्यातली यल्लू डोळे मिटून.
आणि एका रात्री सुमित्रा, चादरीच्या झोळीत,
चार माणसं, एक बॅटरी,
पलीकडे कुणाची तरी जीप, इंजिन चालू ठेवून.
तिच्या मुलीचं नाव अजून ठरलेलं नाही.

पंचावन्नाव्या दिवशी पहाटे गेला.
डाव्या कठड्याची तिसरी गाठ माझी होती.
तीच आधी सुटली असणार.
मामा म्हणाला, पाणी काय गाठी मोजत बसतंय?
मग बऱ्याच वेळानं,
‘पुढल्या साली दुपदरी मार.’

काठावर कुणी हळहळलं, एवढं राबला, फुकट.
मामानं माझी वही मागितली.
त्याला वाचता येत नाही.
ओळींवरून अंगठा फिरवत राहिला,
एका ओळीवर थांबला. ‘ही कुणाची?’
सान्तानची, मी म्हटलं. शिंकल्याचं पण लिवलंय.
मामा हसला, खोकला येईपर्यंत.

एक खांब उभा आहे अजून.
पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून जातं.
सकाळी त्यावर खंड्या येऊन बसतो,
त्याच्यासाठीच बांधला होता जणू.

पौष अवसेला सहा महिने आहेत.
कोयत्याची मूठ सैल झालीय.