कोटेशन

सप्टेंबरात येऊन गेला वेंडेल ओस्ट्बी.
मागच्या पायऱ्यांवर टाचेनं दोनदा ठोकून म्हणाला,
"कुजल्यात. शुक्रवारपर्यंत आकडा कळवतो."
कोणता शुक्रवार, ते मी विचारलं नाही.
दोन कप कॉफी प्यायला,
खांबावर पेन्सिलीनं एक रेघ मारली
आणि टेप कठड्यावरच विसरला.

मला वाटलं, सुताराची टेप राहिलीय
म्हणजे माणूस परत येणारच.

शेजारची इर्मा म्हणते, दोन आठवडे थांबावं,
तिसऱ्यात फोन करावा,
चौथ्यात सरळ दुसरा माणूस बघावा.
पण डलूथच्या आमच्या टोकाला
दुसरा माणूस म्हणजे वेंडेलचाच मेहुणा.

ऑक्टोबर सरला. सुपिरियरवरून वारा सुटला.
कचऱ्याची पिशवी घेऊन
मी पुढच्या दारानं घराला वळसा घालू लागले.
त्याच्याच टेपनं मोजला तो वळसा:
एका खेपेला एकशे बारा फूट.
बर्फ पडला त्या सकाळी
हातमोजा काढून खांबावर बोट फिरवलं.
रेघ होती अजून.

मग एका रात्री मीच त्याला कोटेशन धाडलं.
वाट पाहणे, एकसष्ट दिवस.
जादा चाल, फुटांच्या हिशोबानं.
टेप सांभाळल्याचं भाडं वेगळं.
कॉफीचे लावले नाहीत,
ती मी आपणहून दिली होती.

अकरा मिनिटांत उत्तर:
"थोडं कमी होईल का?"

दिवा मालवता मालवता लिहिलं,
शुक्रवारपर्यंत कळवते.