खळं

पहाटे तीनला यंत्र वाजलं.
बाटली क्रमांक चारशे बारा. रक्त. वय सहा.
वस्ती न्दिरांदे, डोंगराच्या पायथ्याशी.
थाळीवर पेरलं, वर औषधांच्या पाच चकत्या ठेवल्या,
आणि दुसऱ्या दिवशी
चंद्राभोवती पाहावं तसं
खळं पाहायला वाकले.

तिघींना नव्हतंच.
जंतू थेट चकतीला खेटून, निवांत,
ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांसारखे.
चौथीचं मी पट्टीनं मोजलं. दोनदा.
गेल्या वर्षीपेक्षा आत सरकलंय.
डॉक्टर चिसोमोंना सांगितलं, तर म्हणाले, हं.
त्यांच्या 'हं'चे सगळे अर्थ
मी अकरा वर्षांत शिकलेय.

मग वीज आल्यावर त्याची अक्षरं वाचली.
अठ्ठेचाळीस लाख, चारांचीच उलटापालट,
कुठे विराम नाही, श्वास घ्यायला जागा नाही.
औषधाला न जुमानणारी जनुकं
पूर्वी एका वेगळ्या वेटोळ्यावर असायची,
उसनी, कधीही परत जातील अशी.
यात ती मुख्य धाग्यातच सापडली.
मागून आणलेल्या भांड्यावर
कुणी आपलं नाव घालून घ्यावं, तशी.

संगणकानं वंशवृक्ष काढला.
आमची फांदी समुद्रापलीकडून आलेली.
कुणाच्या पोटातून, कुठल्या बोटीनं,
ते झाडाला ठाऊक नाही.

खाली वॉर्डात मुलाची आई, तियामिके,
चितेंजेच्या टोकानं त्याचा गळा पुसत होती.
कुठून आलं हो हे?
मी फांदी सांगायला तोंड उघडलं,
तर तीच बोलू लागली.
नळाच्या टपरीचं बिल थकलं होतं.
मागच्या महिन्यात. मंगळवार, बुधवार, गुरुवार कुलूप.
मग नदीवरून आणलं.
गाळलं होतं पण, ती म्हणाली. दुहेरी फडक्यातून.
आणि हातानं फडक्याची घडी करून दाखवली,
माझा विश्वास बसावा म्हणून.

अठ्ठेचाळीस लाख अक्षरांत
ते तीन वार कुठेच नाहीत.
अहवालात त्यांना रकानाही नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिले,
कुणी खोडेल हे माहीत असून.

काल पोरानं लापशी मागितली.
अर्धी खाल्ली, अर्धी अंगावर सांडली.
पाचवी चकती लागू पडली.
तिचंही खळं मोजून ठेवलंय मी,
तारखेसकट.