खांद्याला खांदा

उद्घाटनाला आलेले सभापती म्हणाले,
गावाच्या विकासासाठी आपण सगळे
खांद्याला खांदा लावून उभे राहू.
चपलेनंच त्यांनी बॉल ढकलला, फोटो निघाला,
जीपची धूळ बसायच्या आत, चौथ्या मिनिटाला,
चिंधू कुळमेथेनं लावला खांदा माझ्या खांद्याला.

मी पऱ्हाटीच्या खुंटांत जाऊन पडलो.

मैदान म्हणजे कोरांग्यांचं वावर, उलंगवाडी झालेलं.
गोलाला बांबू, रेघांना भट्टीवरचा चुना,
आणि कोपऱ्यातल्या झेंड्याला बांधलेलं पहिलं बक्षीस,
काळा बोकड,
जो मॅचभर कॉर्नरची रेघ चाटत होता.

लागलं होतं खांद्याला, मी धरली नडगी.
लोळलो, आरडलो.
ढोके मास्तरांच्या तोंडात शिट्टी होती, फुंकली नाही.
‘बॉल कोणापाशी हाय बे?’
बॉल चिंधूपाशी होता.
बॉल त्यानं आधी घेतला होता,
मी त्याच्या वाटेत उरलो होतो, एवढंच.

तो परत आला. हात पुढे केला.
‘उठ ना गा. हाडं हाय, गुळाची ढेप नाही.’

दुसऱ्यांदा पडलो. तिसऱ्यांदाही.
चौथ्यांदा गुडघे वाकवले, बूड खाली घेतलं,
तो येताना दिसला तसा मीही गेलो.
ठासून भरलेले दोन बोरे आपटावे तसा आवाज झाला,
बॉल गेला भलतीकडेच, तुरीच्या ढिगात,
आणि आम्ही दोघं उभेच.
तो हसला नाही. मान हलवली फक्त,
जशी माणसं बैल पसंत पडल्यावर हलवतात.

आमच्या गावात माणूस समोरून धडकत नाही.
धुरा वीतभर सरकतो रात्री,
सकाळी सरकवणारा रामराम घालतो, चहाला बोलावतो.
त्या दिवशी पहिल्यांदा कळलं
की अंगाला अंग घासूनही कुणी मान राखू शकतो,
की येतोय हे सांगत येणारा धक्का
दुखतो, पण डाग ठेवत नाही.

तसा आमचा रुपराव होता.
गोड पोरगा, कुणालाच पाडायचा नाही.
मास्तर बोकडाकडे बघत असले की
बरगडीत चिमटा, अंगठ्यावर टाच.
शेवटच्या मिनिटाला त्यानं चिंधूचा शर्ट मागून धरला,
फाटल्याचा आवाज मला ऐकू आला,
आणि मोकळ्या जागेतून मी गोल मारला.

रस्सा झणझणीत होता. मी दोनदा घेतला.
खोटं कशाला बोलू?

एकवीस वर्षांनी, जिनिंगच्या फाटकावर,
काट्याच्या खिडकीत तोच खांदा, केस पांढरे.
माझी मॅटाडोर चढली काट्यावर,
मागे कापसात भाचा बसलेला, मुद्दामच.
चिंधूनं मान न वळवता म्हटलं,
‘पोट्ट्याले उतरव. तो कापूस नाही.’
उतरवला.
मग दिवाणजी चार किलो खाली लिहायला लागला
तर त्याचाही पेन धरला,
‘जे दिसते ते लिहा.’

पावती घेताना मला राहवलं नाही.
म्हटलं, भाऊ, ती मॅच,
तुमचा शर्ट आमच्या पोरानं...
‘मालूम हाय. मोठ्या भावाचा होता.’
पंखा फिरत होता, कापसाची रुई उडत होती.
‘बोकडाचं काय केलं?’
खाल्लं.
‘पोटभर?’
हो.

खिडकीतून बाहेर आला,
खांद्यानं खांद्याला दिला एक,
पूर्ण, अंगातलं सगळं वजन घालून,
मी दोन पावलं मागे गेलो, पडलो नाही.
‘मंग सरक आता.
मागं गाड्या उभ्या हाय.’