रकाना क्रमांक सात

वेल्ह्याहून फॉर्म आलाय,
शुक्रवारच्या आत भरून पुण्याला पाठवायचा.

चतुःसीमा: पूर्वेला धरणाचं फुगलेलं पाणी.
पश्चिमेला कोकण, म्हणजे कडा,
आणि खूप खाली कुणाच्या तरी चुलीचा धूर.
उत्तर-दक्षिण पोटखराबा.

लोकसंख्या चारशे बारा.
पैकी गावात राहतात किती, ते विचारलेलं नाही.
एसटी एक, मुक्कामी.
ड्रायव्हर ढेब्यांच्या ओट्यावर झोपतो.

मागची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब.
रविवार होता, सगळे घाटमाथ्यावर
कणसं भाजायला. सरपंच सोनाबाईसुद्धा.
प्रोसिडिंग मीच तिकडे नेलं.
त्या पानाला अजून लिंबू-मिठाचा वास येतो.

रकाना सात: प्रेक्षणीय स्थळे.
खोडून खोडून कागद विरला.
किल्ला शेजारच्या ग्रामपंचायतीत,
धबधबा वनखात्याचा.
शेवटी सोनाबाईंनाच विचारलं,
आपल्याकडे बघण्यासारखं काय हो?

त्यांनी कणीस उलटलं.
"पुण्याची माणसं. लिहा की.
नाचणीला गवत समजून
मधोमध बसतात फोटोला.
आम्ही दिवसभर बघतो,
तिकीट नाही."

लिहिलं.
हंगाम: जून ते सप्टेंबर.
वाहनतळ: हणमंत रेणुसेचं खाचर,
त्याला न विचारता.